किमो चालू असताना घरी काय सांभाळायचं

आरोग्य पाठ : गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचण्यासाठी



हा पाठ बैठकीत एकीनं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. मोठा आहे, एका बैठकीत संपणार नाही. दोन बैठकींत वाचा. पण तापाचा भाग पहिल्याच बैठकीत झाला पाहिजे, म्हणून तो मी सगळ्यात आधी घेतलाय.

आपल्या प्रभागातल्या एका गटातल्या मावशींना गेल्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण नाव नको," म्हणाल्या. ऑपरेशन झालं आणि मग किमोचे आठ डोस ठरले, दर एकवीस दिवसांनी एक. दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला त्यांच्या सुनेचा मला फोन आला. "ताई, आत्यांचं अंग लई तापलंय, थंडी वाजतीय, काय करू?" मी म्हटलं, पॅरासिटामॉल द्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, सकाळी बघू.

मी समाजकार्य शिकलेली आहे, आरोग्याची प्रशिक्षणंही केली आहेत, आणि तरी मी हे सांगितलं. गोळीनं ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे मावशींना उठून बसता येईना. जीप करून दवाखान्यात नेलं. आठ दिवस तिथं होत्या, त्यातले पहिले दोन दिवस फार वाईट गेले. तिथल्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किमोच्या पेशंटला ताप आला तर थांबायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मावशी आज बऱ्या आहेत, आठही डोस पुरे झाले. पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा पाठ.

ताप

किमोचं औषध शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना मारतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. पण आपल्या शरीरात चांगल्या पेशीही काही ठिकाणी भराभर वाढत असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या कातडीत, आतड्यात आणि हाडाच्या आतल्या मगजात. तणनाशक मारताना कडेच्या पिकाची पानं करपतात ना, तसंच. म्हणून केस जातात, तोंड येतं, उलट्या-जुलाब होतात. आणि हाडाच्या मगजात रक्त तयार होतं, त्यामुळं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या अंगातली राखण. एकवीस दिवसांच्या डोसात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत राखण सगळ्यात कमी असते. त्या दिवसांत साधा जंतू आत शिरला तरी त्याला अडवायला कुणी नसतं. बारीक ताप दिसतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. मावशींचा दहावा दिवस होता.

म्हणून घरात थर्मामीटर ठेवा. मेडिकलमध्ये शे-दीडशे रुपयांत आकडे दाखवणारा मिळतो. हाताच्या पालथ्या बाजूनं कपाळ बघून ताप ठरवायचा नाही. आकडा 100.4 किंवा त्याच्या वर गेला, किंवा आकडा कमी असूनही हुडहुडी भरली, तर लगेच दवाखाना. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा नाही, कारण आकडा उतरतो आणि आतलं दुखणं वाढत राहतं, तेच आमचं झालं. गाडी मिळत नसेल तर 108 ला फोन लावा. जो दवाखाना जवळ असेल तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं : "हिचं किमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झालाय, ताप आलाय." केसपेपर काढायच्या रांगेत उभं राहण्याआधीच हे बोला. फाईल सोबत न्या. जिथं किमो चालू आहे त्या दवाखान्याचा नंबर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि सुनेला, मुलाला, शेजारणीला तो कुठं आहे ते दाखवून ठेवा. मोबाईलमध्ये असलेला नंबर नेमका त्या रात्री सापडत नाही.

तापाशिवाय आणखी काही गोष्टींना थांबायचं नाही : दम लागणं, नाकातून किंवा हिरडीतून रक्त थांबत नसणं, अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके उठणं, चोवीस तासांत पाणीसुद्धा पोटात न टिकणं, दिवसात चार-सहा वेळा जास्तीचे जुलाब, घोळ बोलणं किंवा फार गुंगी.

एक मात्र घाबरायचं नाही. स्तनाच्या कॅन्सरला पुष्कळदा लाल रंगाचं औषध देतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. मावशींनी पहिल्या डोसनंतर हे बघितलं आणि रात्रभर कुणाला न सांगता रडत बसल्या. एका वाक्यात आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती.

जंतू घरात येतात कुठून

आपल्याकडं हे सांगायला अवघड जातं, कारण ज्या कामांनी जंतू लागतात तीच बाईची रोजची कामं. शेण भरणं, गोठा झाडणं, सडा टाकणं, कोंबड्यांचं खुराडं साफ करणं, उकिरड्यावर जाणं. किमो चालू असेपर्यंत ही कामं दुसऱ्यानं करायची. "मी हातमोजे घालून करते" असं मावशी म्हणाल्या होत्या. नको. धुरळा नाकात जातोच.

जेवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर साबणानं हात धुणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, आणि ते पेशंटपेक्षा घरातल्या बाकीच्यांनी जास्त करायचं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं भेटायला यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. यात्रा, लग्न, भरलेला बाजार टाळा, अगदीच जावं लागलं तर मास्क लावा.

पाणी उकळून गार केलेलं. दूध उकळलेलं. अन्न ताजं आणि नीट शिजलेलं. रात्रीचा भात सकाळी परतून खायची आपली सवय आहे, ती एवढे महिने बंद. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची मटकी, बाजारातला उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी बंद. फळ खायचं तर जाड सालीचं, धुऊन सोलून : केळं, संत्रं, मोसंबी. दही-ताकाबद्दल प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतात, म्हणून आपापल्या डॉक्टरला विचारा. मावशींच्या डॉक्टरांनी घरी उकळलेल्या दुधाचं त्याच दिवशीचं ताक चालेल म्हणून सांगितलं होतं.

उलटी, मळमळ आणि चुलीचा वास

डोस झाल्यावर उलटी लगेच होते असं सगळ्यांना वाटतं. पण बऱ्याच जणींना जास्त त्रास दुसऱ्या ते चौथ्या-पाचव्या दिवशी होतो. म्हणून डॉक्टर उलटीच्या गोळ्या घरी देतात. आता इथं एक चूक जवळजवळ सगळ्या घरांत होते. "आज उलटी नाही, मग गोळी कशाला वाया घालवा" म्हणून गोळी ठेवून देतात. ही गोळी उलटी होऊ नये म्हणून असते, झाल्यावर घ्यायची नसते. जेवढे दिवस, ज्या वेळेला सांगितली आहे तेवढी घ्यायचीच. आणि गोळ्या घेऊनही थांबत नसेल तर पुढच्या डोसला डॉक्टरला सांगायचं, त्यांच्याकडं दुसरी औषधं असतात. सोसून गप्प राहिलात तर पुढच्या वेळीही तेच औषध मिळेल.

मावशींना सगळ्यात जास्त त्रास फोडणीच्या वासाचा झाला. मिरची-लसणाची फोडणी बसली की उठून बाहेर पळायच्या. आणि घरात सैपाक कोण करतं? त्याच! पहिल्या डोसला चार दिवस त्यांनी नाकाला पदर लावून भाकरी थापल्या. मग सुनेनं चूल हातात घेतली, आणि शेजारच्या दोघींनी वार ठरवून घेतले : डोसनंतरचे पाच दिवस भाजी त्यांच्या घरून. गटातल्या बायकांनी केलेली ही मदत मला सगळ्यात मोलाची वाटते, खर्च जवळजवळ नाही आणि फरक फार.

खायचं कसं? थोडं थोडं, दोन-दोन तासांनी. पोट रिकामं राहिलं तर मळमळ वाढते. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार झालेलं खा. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच दोन घास कोरडं काहीतरी : लाह्या, चुरमुरे, टोस्ट. जेवताना भरपूर पाणी पिऊ नका, मधल्या वेळेत घोट घोट प्या. जेवल्यावर लगेच आडवं पडू नका. मऊ खिचडी, मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, ज्वारीची ताजी कण्या-आंबील (आंबवून जास्त दिवस ठेवलेली नको), पूर्ण उकडलेलं अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू, वरणात कुस्करलेली भाकरी. शेंगदाणे बुरशी आलेले, कडवट नकोत.

तोंडाची चव जाते, तो वेगळाच त्रास. "राख भरल्यागत लागतंय तोंडात" असं मावशी म्हणायच्या. तोंडात फोड नसतील तर लिंबाची फोड, कोकमाचं पाणी, थोडा आवळा यानं चव येते. मटण-अंडं "गरम पडतं", दूध पिलं तर "गाठ वाढते", असं सांगणारे गावात दहा जण भेटतील. शरीराची झीज भरायला डाळ, अंडी, दूध, मासे हेच लागतं. वजन उतरलं आणि अशक्तपणा वाढला की पुढचा डोस लांबतो.

उपवासाचंही बोलायला पाहिजे. मावशींचा संकष्टीचा उपास होता, आणि नेमकी डोसच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी. उपाशीपोटी इतक्या उलट्या झाल्या की सलाईन लावावी लागली. पुढं त्यांनी उपास त्यांच्या मुलाला दिला. "देवाला काय, घरातलं कुणी धरलं म्हणजे झालं," हे त्यांचंच म्हणणं.

काढे, झाडपाला, मुळ्या, भुकट्या, कुणीतरी दिलेली "कॅन्सरवरची पुडी" डॉक्टरला न विचारता घेऊ नका. गुळवेलसुद्धा नाही. किमोची पुष्कळ औषधं यकृतातून बाहेर पडतात, आणि त्याच वेळी यकृतावर दुसरा भार आला तर कावीळ होऊ शकते. लपवून घेत असाल तर निदान डॉक्टरला तरी खरं सांगा, ते रागावले तरी चालतील. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळीही आपल्या मनानं नको, काही गोळ्यांनी रक्त वाहायचा धोका वाढतो.

तोंड येणं, आणि मिश्रीचं काय

डोसनंतर साधारण आठवड्यात तोंडाची आतली कातडी सोलवटते, जिभेवर, गालाच्या आत फोड येतात. घरचा उपाय आहे आणि तो दवाखान्यातही हाच सांगतात : पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दिवसात चार-पाच वेळा, जेवल्यावर आणि झोपताना चूळ भरायची, गिळायची नाही. फोड यायची वाट बघू नका, पहिल्या दिवसापासून करा. मऊ ब्रश वापरा, तोही चरचरत असेल तर स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून दात पुसा. ठेचा, लोणचं, वाफाळता चहा काही दिवस दूर. जेवण अगदी गिळता येत नसेल तर डॉक्टरला दाखवा, लावायचं औषध मिळतं.

आता मिश्री. मला माहिती आहे, हा विषय काढला की बैठकीत सगळ्या एकमेकींकडं बघून हसतात. पण सोलवटलेल्या तोंडावर भाजलेली तंबाखू चोळणं म्हणजे जखमेवर निखारा. मावशी चाळीस वर्षं मिश्री लावत होत्या. त्यांनी मला खरं सांगितलं की पहिल्या दोन डोसांत त्या लपून लावत होत्या, कारण "त्याबिगर परसाकडं होत नाही". बऱ्याच जणींचं हेच कारण असतं. म्हणून नुसतं "सोडा" म्हणून उपयोग नाही, बद्धकोष्ठाचा उपाय सांगितला पाहिजे.

पोट

उलटीच्या काही गोळ्यांनी, दुखण्याच्या गोळ्यांनी आणि कमी खाण्या-चालण्यानं संडासला घट्ट होतं. सकाळी कोमट पाणी, शिजवलेल्या पालेभाज्या, पिकलेलं केळं, भिजवून उकळलेल्या मनुका, थोडं चालणं. तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरकडून पातळ औषध घ्या. एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची गोळी घरी वापरायची नाही, तिथं जखम झाली तर जंतू थेट रक्तात जातो.

काहींना उलट जुलाब होतात. तेव्हा ओआरएसची पुडी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, दिवसभर घोट घोट. आशाताईंकडं पुड्या असतात. भात, केळं, साबुदाण्याची पेज. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनानं नको.

थकवा

हा त्रास बाहेरून दिसत नाही, म्हणून घरात सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच बसतात. "दिवसभर पडूनच असते." किमोचा थकवा झोपून उठल्यावरही जात नाही. भांगलून आल्यावर जे अंग दुखतं ते रात्रीत उतरतं, हे उतरत नाही. रक्त कमी झालेलं असतं, पोटात अन्न नसतं, आणि काळजीनं झोप नसते. डोसच्या दिवसांत दिलेल्या काही औषधांनी तर दोन रात्री डोळाच लागत नाही, भूक आणि साखरही वाढते. ज्यांना आधीच साखर आहे त्यांनी त्या दिवसांत साखर तपासून घ्यावी.

पूर्ण झोपून राहण्यापेक्षा रोज अंगणात, सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं चाललं तर थकवा थोडा कमी होतो. जे काम स्वतःला आवडतं ते एखादं ठेवावं, बाकी सोडावं. मावशींनी धान्य निवडणं ठेवलं होतं, बसून होतं म्हणून. हंडे उचलणं, धुणं, खुरपणी सोडली. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातानं जड उचलायचं नाही, आणि त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही. हे पुष्कळ वेळा दवाखान्यातही आपल्यालाच आठवण करून द्यावं लागतं.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन काहींना घरी नेऊन घ्यायला देतात. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पण बर्फाच्या खणात नाही. शहरातून येताना बर्फाच्या पिशवीशेजारी फडक्यात गुंडाळून आणा, आणि गावात कुणाकडं फ्रीज आहे ते आधीच बघून ठेवा. त्या इंजेक्शननंतर कंबरेची, मांड्यांची हाडं ठणकतात, ते त्या औषधानं होतं. कोणती गोळी चालेल ते निघतानाच विचारून या.

हाता-पायाच्या मुंग्या

मावशींना पाचव्या डोसपासून औषध बदललं. उलट्या कमी झाल्या पण बोटांना, तळपायाला मुंग्या सुरू झाल्या, नंतर बधिरपणा. ब्लाउजचं बटण लागेना. एकदा तव्याला हात लागला आणि भाजलं ते त्यांना कळलंच नाही, वासावरून सुनेच्या ध्यानात आलं. अशा दिवसांत विळी, चूल, उकळतं पाणी यापासून लांब राहावं. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा चप्पल घालावी, रात्री पाय उजेडात बघून घ्यावेत. आणि हे डॉक्टरला सांगायचंच, कारण डोस कमी-जास्त करता येतो. न सांगता वाढू दिलं तर बधिरपणा वर्षानुवर्षं राहू शकतो.

केस

पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. सगळ्या औषधांनी जात नाहीत, पण स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या औषधांनी जातात. भुवया-पापण्याही. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा उगवायला लागतात. मावशींचे आता बोटभर झालेत आणि आधी सरळ होते ते कुरळे आलेत. नखं, कातडी काळी पडते, तीही हळूहळू निवळते.

शरीराला याचा त्रास काहीच नाही. पण आपल्याकडं बाईच्या डोक्यावर केस नसणं याचा अर्थ काय धरतात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मावशींचे मालक जिवंत आहेत. तरी संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांना बोलावणं आलं नाही. ज्या बाईनं बोलावलं नाही ती वाईट नाही. "त्यांनाच बरं वाटणार नाही म्हणून" असं तिनं मला सांगितलं. पण मावशी त्यानंतर गटाच्या बैठकीलाही यायच्या थांबल्या. तीन बैठका गैरहजर. आणि आपल्या नियमाप्रमाणं सचिवताईंनी वहीत तीन दंड लिहिले.

वही बघताना मला ते दंड दिसले. मी काही बोलायच्या आधी गटातल्याच एका आजी म्हणाल्या, "आगं, तिला आजारी म्हणून दंड लावला का टकली म्हणून?" मग जे झालं ते चांगलं झालं. दंड खोडला, आणि पुढची बैठक मावशींच्या ओट्यावर घेतली. मावशी डोक्याला सुती फडकं बांधून बसल्या. सुरवातीला सगळ्या गप्प. मग कुणीतरी विचारलं, डोकं गार पडत नाही का? मावशींनी फडकं काढून दाखवलं, आणि सगळ्याजणी हसल्या, मावशीसुद्धा.

केस गळायला लागले की रोज उशीवर पुंजके बघण्यापेक्षा आधीच बारीक करून घेतलेले बरे, असं बऱ्याच जणी सांगतात. वस्तरा नको, कापला तर जखम होते, मशीननं करावेत. सुती स्कार्फ किंवा पदर, उन्हात टोपी. खाज येत असेल तर खोबरेल तेल.

शिवाशिव

कॅन्सर लागत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, नातवाला मांडीवर घेतल्यानं लागत नाही. त्यांचं ताट-तांब्या वेगळा करायचं कारण नाही.

फक्त औषध शरीरातून लघवी, संडास आणि उलटीवाटे बाहेर पडतं. म्हणून डोसनंतर पहिले दोन दिवस तरी संडासात दुप्पट पाणी टाका, उघड्यावर जाऊ नका, उलटीचं भांडं किंवा खराब झालेले कपडे धुताना हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला आणि ते कपडे वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिनं हे काम करू नये. पाळी अनियमित होते किंवा थांबते, पण पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नसतं. उपचार चालू असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. तरुण ताईंनी साधन कोणतं वापरायचं हे डॉक्टरला विचारावं, लाजू नये. मूल हवं असेल तर ते किमो सुरू व्हायच्या आधीच बोलायचं.

येणं-जाणं आणि पैसा

डोस घेऊन एसटीनं येताना पुढच्या सीटवर, खिडकीशी बसा, दोन-तीन प्लास्टिक पिशव्या, पाणी, लाह्या जवळ ठेवा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत आहे, त्यासाठी दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण प्रत्येकीला मुंबईला जावं लागतंच असं नाही. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. उपचार कुठं सुरू करायचा आणि पुढचे डोस जवळ मिळतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसतं. रेशन कार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जायचं. भरती व्हायच्या आधी जायचं, बिल झाल्यावर नाही. योजनेचा नंबर 155388.

प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासतात. पेशी कमी असतील तर डोस आठवडाभर पुढं जातो. तेव्हा माणूस हताश होतो, गाडीभाडं वाया गेलं म्हणून घरात चिडचिडही होते. रक्ताची तपासणी आदल्या दिवशी तालुक्याला करून रिपोर्ट फोनवर कळवता येतो का ते विचारा. मावशींचं असं दोन फेऱ्यांचं भाडं वाचलं.

हप्त्याचं म्हणाल तर मावशींच्या गटानं ठराव करून सहा महिने फक्त व्याज घेतलं, आणि ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून प्रवासासाठी रक्कम दिली. ठराव वहीत लिहा, सह्या घ्या, म्हणजे पुढं वाद होत नाही. तिसऱ्या डोसला मावशी "बास झालं, हे औषधच मला मारतंय" म्हणून अडून बसल्या होत्या. आठ दिवस दवाखान्यात काढून आल्यावर कुणीही म्हणेल. त्यांना समजवायला डॉक्टर नाही आले. शेजारच्या गावातल्या गटातल्या एक ताई आल्या, ज्यांचे डोस दोन वर्षांपूर्वी झाले होते. त्या काही फार बोलल्या नाहीत. चहा पिल्या, स्वतःच्या वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "परवा मी येते सोबत."

बैठकीत बोलायचं :

आपल्या गटात किंवा गल्लीत सध्या कुणाचं किमो चालू आहे का? त्यांच्या घरी थर्मामीटर आहे का? नसेल तर गटाच्या पैशातून घ्यायचा का?

रात्री गाडी लागली तर गावात कुणाकडं मागायची? दोन नावं आणि नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

डोसनंतरचे पाच दिवस कोणत्या दिवशी कुणाच्या घरून डबा?

आपल्या गटात किंवा जवळच्या गावात उपचार पूर्ण झालेली बाई आहे का, जी दुसरीसोबत जाऊ शकेल? त्यांची परवानगी घेऊन नाव ग्रामसंघाच्या सीआरपी ताईंना कळवा. मी प्रभागाची यादी करते आहे.